प्रश्न संपायच्या आत आलेलं उत्तर

झोपलेल्या फौजी पेशंटला ब्रदर कधीही हात लावून उठवत नसत. पलंगाच्या पायथ्याशी, समोरच्याचा हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर ते उभे राहत आणि हलक्या आवाजात हुद्द्यानं हाक मारत. "हवालदारसाहेब. दवाखान्यात हाय आपण. परभणीत. बीपी बघायचाय." दर वेळी एवढं सगळं, त्याच क्रमानं. माणसानं डोळे उघडून त्यांच्याकडे नीट पाहिलं की मगच ते जवळ जात. एका बीपीला मिनिटभर जास्त लागे. माझ्या वॉर्डात बावीस पलंग होते आणि मी मिनिटं मोजणारी बाई आहे.

पुरुष नर्सला आमच्याकडे ब्रदर म्हणतात. मी तेव्हा परभणीतल्या एका खाजगी रुग्णालयात पुरुष वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते, अजूनही आहे. माजी सैनिकांच्या योजनेत आमचं नाव असल्यामुळे आसपासच्या गावांतले निवृत्त फौजी आमच्याकडेच येत. ब्रदर पूर्णेहून रोज गाडीनं येत. चाळिशी ओलांडलेली, पोट थोडं सुटलेलं, पण पँटची घडी अशी की तिच्यावर बोट कापावं. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी फौजेतल्या हुद्द्यांची उतरंड चिकटवली होती आणि नवीन आलेल्या मुलींकडून ती पाठ करून घेत. बोलताना मान किंचित तिरकी करून समोरच्याकडे असे बघत की तो काही गुपित सांगणार आहे असं वाटावं. मुली त्यांची नक्कल करत. पाठीमागे त्यांना 'मेजर' म्हणत. "मेजर आले गं, सावधान!" त्यांच्या कानावर ते जात नसे, किंवा गेलं तरी ते दाखवत नसत.

हात न लावण्याचा नियम मला नाटकी वाटे. मग वालूरचे एक हवालदार दाखल झाले. दुपारी जेवून झोपले होते. प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीनं तापमान घ्यायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या क्षणी तिचं मनगट त्यांच्या मुठीत होतं आणि ती किंचाळत होती. हवालदारांचे डोळे उघडे, पण बघत होते दुसरंच काही. ब्रदर धावत आले आणि पायथ्याशी थांबले. "हवालदारसाहेब. परभणीत हाय आपण." मूठ सुटली. शेजारच्या पेशंटची बायको म्हणाली, "येडा हाय का काय माणूस? आमच्या मालकाला इथून हलवा बाई." मी फाईल घेतली आणि शेरा लिहिला: 'आक्रमक'.

अर्ध्या तासानं ब्रदर माझ्या टेबलापुढे आले.

"सिस्टर, हा शब्द खोडा."

"का खोडू? मुलीच्या मनगटावर वळ आहेत."

"हायेत. पर हा कागद उद्या दुसऱ्या दवाखान्यात जाईल. तिथं ह्यांना आल्या आल्या बांधून ठेवतील. आन् मग हे खरंच मारतील."

मी नाही म्हटलं. ते तिथेच उभे राहिले. हात मागे, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मी दोन फोन घेतले, औषधांची मागणी लिहिली, तरी ते उभेच. शेवटी नऊ नंबरचं सलाईन संपत आलं होतं म्हणून मी तो शब्द खोडला. त्याच्या जागी त्यांनी सांगितलं ते लिहिलं: 'झोपेत स्पर्श करू नये, हाक मारावी.' संध्याकाळी ते हवालदार आपला उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून बसले होते आणि ती मुलगी समोरून गेली की विचारत होते, "लागलं का गं, पोरी?" तीनदा विचारलं त्यांनी.

माझ्या पलंगांच्या तक्त्याशी तर ब्रदरचं वैरच होतं. फौजी माणसाला दाराकडे पाठ करून निजवायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. मी सकाळी तक्ता लावून जावं आणि राउंडच्या वेळी चार नंबरचा माणूस अकरावर सापडावा. डॉक्टर भलत्याच माणसाचे रिपोर्ट वाचत उभे. मी रागावले की म्हणत, "दार दिसत नसलं की झोप लागत न्हाई त्यांना. बेजार होतात. झोपेची गोळी देण्यापरीस पलंग बदललेला बरा." गोळ्या वाचल्या हे खरं. तक्ता मात्र रोज नव्यानं करावा लागे.

आणि दुखण्याचं विचारण्याची पद्धत. कंबरेच्या दुखण्यानं आलेले एक निवृत्त नाईक तीन दिवस डॉक्टरांना 'ठीक हाय साहेब' एवढंच सांगत होते. डॉक्टर घरी सोडायच्या विचारात. ब्रदर त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "सकाळी बुटाची लेस कोण बांधतं?"

माणूस भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बायको."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

त्या दिवशी ब्रदरनी मला ऐकवलं ते अजून लक्षात आहे. "सिस्टर, तुमी-आमी डॉक्टर म्हणजे बरं करणारा समजतो. त्यांच्यासाठी डॉक्टर म्हणजे कॅटेगरी लावणारा. एक शेरा पडला की शरीराची कॅटेगरी खाली, बढती अटकली, युनिट सुटली. तीस वर्सं डॉक्टरपुढं छाती काढून उभा ऱ्हायलेला माणूस तुमच्यापुढं एकदम कण्हायला लागंल व्हय?"

हे सगळं ऐकून कोणालाही वाटे की ब्रदरनी वीसेक वर्षं फौजेत काढली असणार. पेशंटांना तर खात्रीच होती. ते स्वतः तसं कधी म्हणत नसत, आणि नाही असंही म्हणत नसत. पण कर्मचाऱ्यांच्या फाईली माझ्या कपाटात होत्या. बारावी, नर्सिंगचा कोर्स, नांदेडला बारा वर्षं, मग आमच्याकडे. फौजेची एक ओळही नव्हती. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. जपून ठेवली होती म्हटलं तरी चालेल. त्यांनी तक्ता बिघडवला की ती मला आठवे.

आता माझी चूक. दाखल करतानाचा आमचा फॉर्म अडीच पानी होता. मी तो एका पानावर आणला. महिनाभर घरी रात्री बसून एकेक ओळ कापली होती. ब्रदर प्रत्येक फॉर्मच्या तळाशी पेन्सिलनं आपला एक प्रश्न लिहीत: 'फौजेत होता का, काय काम केलं, कुठं लागलं होतं का?' नव्या फॉर्मात तो छापावा म्हणून मागे लागले होते. मी म्हटलं, जागा नाही. ते पेन्सिलनं लिहीतच राहिले. मी त्यांना लेखी समज दिली: छापील फॉर्मवर काहीही लिहू नये. त्यांनी वाचून सही केली, खाली वेळ घातली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पेडगावचे सुभेदार दाखल झाले, तो प्रश्न न विचारता.

साठी उलटलेले, ताठ, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. चार दिवसांपासून चक्कर, चालताना डावीकडे तोल जाई, एकदा उलटी. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. मशीन आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. अकराची वेळ मिळाली. एमआरआय म्हणजे मोठं लोहचुंबक. अंगात लोखंडाचा कण असेल तर तो हलू शकतो, म्हणून एमआरआयच्या आधी भरायच्या फॉर्मातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच. मी स्वतः विचारत होते. सुभेदार पलंगाच्या कडेला, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. मुलगा शेजारी उभा.

"शरीरात कुठे धातूचा तुकडा, रॉड, प्लेट..."

"नाही."

सगळी उत्तरं अशीच, खणखणीत. चार मिनिटांत फॉर्म पूर्ण. मी मुलींना म्हटलं, "बघा, पेशंट असावा तर असा."

दहा चाळीसला ब्रदर आले. ड्यूटी आठची. पूर्णेची गाडी वाटेत कुठेतरी उभी राहिली होती. हजेरीपटावर मी त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची लाल रेघ केव्हाच ओढली होती.

"सिस्टर, गाडी..."

"कारण नको. नऊ नंबरचं ड्रेसिंग घ्या."

त्यांची नजर टेबलावरच्या फॉर्मच्या प्रतीवर गेली. "सुभेदार हायेत हे?"

"हो. खाली नेलंय त्यांना."

"हे 'नाही' तुमचा प्रश्न संपल्यावर आलं का आधी?"

असला प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मला सकाळचं दृश्य आठवलं: माझं वाक्य अर्धं आणि त्यांचं उत्तर पूर्ण. पण मी म्हणाले ते असं: "ब्रदर, नऊ नंबर."

त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली आणि जिन्याकडे वळले. न विचारता वॉर्ड सोडून गेले. मी फॉर्म घेऊन त्यांच्यामागे, त्यांना परत आणायला. जिना उतरताना मनात यादी चालू होती: उशीर, सांगितलेलं न ऐकणं, वॉर्ड सोडणं. तीन मुद्दे. कडक पत्राला पुरेसे.

एमआरआयच्या बाहेरच्या खोलीत गारठा होता. जमिनीवर पिवळी रेघ. तिच्या पलीकडे लोखंड न्यायचं नाही. सुभेदार हिरवा गाऊन घालून उभे होते, घड्याळ आणि अंगठी ट्रेमध्ये, चपला मुलाच्या हातात. टेक्निशियन दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबलेला. "सिस्टर, अकरा वाजले. ह्यांच्या मागं सहा जण हायेत."

ब्रदर सुभेदारांच्या समोर जाऊन उभे राहिले, मान तिरकी. "साब, दोन मिनिटं. भुवईवर खूण हाय. कशाची?"

"पडलो होतो."

"कुठं?"

"ड्यूटीवर." सुभेदार त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. मग नजर खाली आणली. "तुम्ही फौजी दिसता. कोणती युनिट?"

टेक्निशियननं माझ्याकडे बघून घड्याळाकडे बोट केलं. तेव्हा मी ती जपून ठेवलेली गोष्ट काढली.

"हे फौजेत कधीच नव्हते," मी म्हणाले. "आमच्या वॉर्डातले नर्स आहेत. चला ब्रदर, वर."

माझ्या तोंडून गेलेली अनेक वाक्यं मी विसरले आहे. हे नाही.

ब्रदर हलले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. "खरं हाय साब," ते म्हणाले. "दोनदा गेलतो भरतीला. पैल्यांदा छाती फुगवली तर वाढ साडेचार सेंटीमीटरच भरली. पाच लागती."

"दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा पाच भरवली. वर्सभर पळलो. मेडिकलला अटकलो." ते थांबले. माझ्याकडे एकदा बघितलं, मग पुन्हा सुभेदारांकडे. "उजव्या कानानं ऐकू येत न्हाई मला. लहानपणापासून. ते लपवलं. डॉक्टरनं मागून घड्याळ धरलं कानाला. मला काय मालूम, मागं घड्याळ हाय म्हणून."

"घरी काय सांगितलं?"

"जागा संपल्या म्हणून सांगितलं. बायकोला बी तेच माहीत हाय. इथं दवाखान्यात बी कुणाला सांगितलं न्हाई. आज सिस्टरनी ऐकलं, आता नोकरी ऱ्हाती का बघायचं."

ती तिरकी मान. मुली जिची नक्कल करत ती मान. डावा कान पुढे करत होता तो माणूस, आणि सात वर्षं मी त्याच्या शेजारी काम करत होते.

सुभेदारांनी माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघितलं. मग मला म्हणाले, "बाई, हा कागद कुठं जातो?"

"कुठला?"

"तुमच्या हातातला. फौजेच्या हापिसात जातो का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी मी पलंगाशी बसले होते ती नर्स म्हणून नव्हे. त्यांच्या दृष्टीनं मी कॅटेगरी लावणारं मेडिकल बोर्ड होते.

"योजनेच्या कार्यालयात जातो, सुभेदारसाहेब," मी म्हणाले. हुद्द्यानं हाक मारण्याची माझी ती पहिली वेळ. "पण तिथं कोणी कॅटेगरी लावत नाही. तुमची नोकरी पूर्ण झाली आहे. ती आता कोणाला खोडता येत नाही."

त्यांनी तर्जनी उचलली आणि भुवईच्या खाली, डोळ्याच्या खोबणीच्या कडेला टेकवली.

"हितं हाय. आत. तांदळाच्या दाण्याएवढा असंल."

टेक्निशियननं मुठीवरचा हात काढला.

"जवळच गोळा फुटला," सुभेदार सांगू लागले, एखादा अहवाल द्यावा तसे. "आमच्या नर्सिंग असिस्टंटनं दोन टाके घातले. मोठ्या दवाखान्यात जा म्हणाला. न्हाई गेलो. नायब सुभेदारीचा नंबर लागला होता. गेलो असतो तर फोटो काढला असता, फोटोत दिसला असता, आन् कॅटेगरी गेली असती. डोळ्यानं सगळं दिसत होतं. मग सांगायचं कशाला?"

"आबा," मुलगा म्हणाला, हातात चपला तशाच, "घरी बी न्हाई सांगितलं?"

"तुला सांगून काय चिमट्यानं काढणार होतास?"

मी वर फोन लावला. डॉक्टर खाली आले, भुवईवर बोट फिरवलं आणि आधी एक्स-रे काढायला सांगितला. वीस मिनिटांनी फिल्म दिव्यावर लागली. डोळ्याच्या मागे एक पांढरा ठिपका, अगदी स्पष्ट. डॉक्टर मी भरलेल्या फॉर्मवरच्या 'नाही'कडे बघत राहिले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो कण इतकी वर्षं जागच्या जागी बसला आहे, त्याला तिथेच राहू द्यावं. त्या मशीनमध्ये तो सरकला असता तर डोळ्याचं काही खरं नव्हतं. एमआरआय रद्द झाला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागात रक्तपुरवठ्याचा लहानसा अडथळा सापडला आणि औषधं सुरू झाली.

संध्याकाळी ब्रदरना मी टेबलाशी बोलावलं. समोर पत्राचा कच्चा मसुदा होता, तिन्ही मुद्द्यांचा. चौथा मुद्दा कानाचा. तो मी अजून लिहिला नव्हता.

"कानाचं आम्हाला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी विचारलं न्हाई."

"विचारलं असतं तर?"

त्यांनी मान तिरकी केली. "न्हाईच म्हणलो असतो, सिस्टर. प्रश्न संपायच्या आत."

मी मसुदा दुमडून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. बीपी कानानं ऐकून घ्यायचा, म्हणून त्यांनी दहा पेशंटांचे बीपी ब्रदरना आणि मला वेगवेगळे घ्यायला लावले आणि नोंदी ताडून बघितल्या. जुळल्या. मग ड्यूटीच्या तक्त्याखाली मी एक ओळ लिहिली: 'ब्रदरशी डाव्या बाजूने बोलावे. हाकेला उत्तर न आल्यास समोर जावे.' झोपलेल्या फौजीसाठी त्यांनी लिहून घेतलेल्या ओळीसारखीच ती झाली हे मला लिहिल्यावर कळलं. मुलींनी नक्कल बंद केली. दाखल करतानाचा फॉर्म पुन्हा छापला. पान दीड झालं. तो प्रश्न आता सगळ्यात वर आहे, आणि मुलींना मी सांगते की तो विचारून झाला की पेन खाली ठेवायचं आणि थांबायचं.

सुभेदार आठवड्यानं घरी निघाले. कपडे करून, बूट घालून तयार होते. तोल बराच सावरला होता. सहीसाठी मी कागद घेऊन गेले तर ते म्हणाले, "बाई, पोट मोजायची तुमची ती टेप आणा."

मला वाटलं, काहीतरी शंका असेल. टेप दिली. त्यांनी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला बोट केलं. "आणि त्यांना बोलवा."

ब्रदर आले.

"शर्ट काढ."

"साब, ड्यूटीवर हाय..."

"काढ म्हणतो ना."

बावीस पलंगांसमोर ब्रदर बनियनवर उभे राहिले. सुभेदारांनी टेप छातीभोवती घेतली, आकडा बघितला. "फुगव." ब्रदरनी श्वास ओढला. "अजून." मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मला मनातून वाटत होतं, पाच भरावी. मी धरली असती तर टेप जरा सैल सोडली असती, असंही वाटून गेलं.

"साडेचार," सुभेदारांनी जाहीर केलं, शेवटच्या पलंगापर्यंत ऐकू जाईल असं. मग मला म्हणाले, "लिहा."

खिशात हात घातला तर तोच दुमडलेला मसुदा हाताला लागला. मी तो उलटा केला आणि लिहिलं: छाती साडेचार.

"उजवा कान," ब्रदर म्हणाले. श्वास अजून लागलेला.

मी लिहिलं: उजवा कान ऐकू येत नाही.

"पुढं?" मी सुभेदारांना विचारलं.

त्यांनी टेप गुंडाळली, माझ्या हातात दिली. "पुढं काय? ड्यूटीवर हजर."

ब्रदर आता पूर्णेतच, घराजवळ, नोकरीला आहेत; गाडीची कटकट सुटली. तो कागद माझ्याकडे आहे, तिन्ही मुद्दे खालच्या बाजूला तसेच. त्या दिवशी सुभेदारांना रिक्षात बसवून मी वर आले आणि आठवड्यापूर्वीचा हजेरीपट काढला. लाल रेघ खोडता येत नाही. नियम माझाच आहे. मी तिच्या शेजारी निळ्या शाईनं लिहिलं: दहा चाळीसला हजर. आणि सही केली.